एल व्हर्दे : वादळांच्या वाटेवरचे वननिवास

पोर्तो रिको बेटाच्या ईशान्येला लुकियो पर्वतरांग आहे. तिच्या वायव्य उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंचीवर, एल व्हर्दे हे छोटेसे वनसंशोधन केंद्र वसले आहे. प्रयोगशाळा, मुक्कामी संशोधकांसाठी खोल्या, हवामानाची उपकरणे आणि दाराशी येऊन ठेपलेले वर्षावन, एवढाच त्याचा पसारा. पोर्तो रिको विद्यापीठ हे केंद्र चालवते. इथे उतरणारा कोणी आठवडाभर राहतो, कोणी एक हंगाम काढतो, तर कोणी विद्यार्थिदशेत पहिल्यांदा येतो आणि पुढे केस पांढरे होईपर्यंत येतच राहतो.

संस्थेचा इतिहास लिहिताना संस्थापक, इमारती, देणग्या आणि पदाधिकारी यांचा क्रम लावण्याची आपली रीत आहे. एल व्हर्देच्या इतिहासात त्यांच्या जोडीला वादळेही येतात. १९८९ चे ह्यूगो, १९९८ चे जॉर्जेस, २०१७ चे मारिया. प्रत्येक वादळाने रान मोडले, वाटा बुजवल्या, चालू मोजमाप थांबवले. प्रत्येक वेळी केंद्रातली माणसे त्याच झाडापाशी आणि त्याच ओढ्यापाशी परत गेली आणि तेच मोजमाप त्याच पद्धतीने पुन्हा सुरू केले. वर्षावन वादळातून कसे सावरते याविषयी जगाला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा या चिकाटीतून आलेला आहे. म्हणून हा इतिहास मुख्यतः त्या चिकाटीचा आहे.

केंद्रापूर्वीची जमीन

लुकियोच्या रानाला राजाश्रय मिळाला तो स्पॅनिश अमलात. १८७६ मध्ये, बाराव्या अल्फॉन्सोच्या कारकिर्दीत, हे डोंगर राजवन म्हणून राखले गेले. १८९८ च्या युद्धानंतर बेट अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी इथे राखीव वन जाहीर केले. २००७ पासून ते एल युंके राष्ट्रीय वन या नावाने ओळखले जाते. सुमारे ११ हजार हेक्टरांचे हे रान अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधले एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन आहे.

मात्र एल व्हर्देच्या भोवतीची सगळीच जमीन मूळचे अस्पर्श रान नव्हती. खालच्या उतारांवर कॉफीचे मळे होते, शेते होती, लाकूडतोड चाले, कोळसा पाडला जाई. १९२८ मध्ये सान फेलिपे आणि १९३२ मध्ये सान सिप्रियान अशी दोन मोठी वादळे बेटावर आली. कॉफीची शेती त्यांनी मोडकळीला आणली, आणि त्यातच जागतिक मंदी आली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या वनखात्याने इथल्या बऱ्याच जमिनी विकत घेतल्या आणि सोडून दिलेल्या मळ्यांवर पुन्हा रान चढू लागले. ज्या वनात हे केंद्र पुढे उभे राहिले, त्याचा काही भाग असा एकदा मोडून पुन्हा उभा राहिलेला होता. ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली.

१९३९ मध्ये सान हुआन शहराच्या रिओ पिएद्रास भागात वनखात्याने उष्णकटिबंधीय वनांच्या अभ्यासासाठी संस्था काढली. फ्रँक वॉड्सवर्थ यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यांनी १९४० च्या दशकात लुकियोमध्ये कायमस्वरूपी मोजणीचे तुकडे आखून दिले. झाडावर क्रमांक लावायचा, घेर मोजायचा आणि काही वर्षांनी त्याच झाडाकडे परत यायचे, ही सवय या डोंगराला तेव्हापासून लागली.

या रानाची थोडी ओळख इथेच करून देणे बरे. एल व्हर्देला वर्षाकाठी सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. इथे बारा महिन्यांत एकही महिना कोरडा म्हणावा असा नसतो. मधल्या उतारांवरचा राजा म्हणजे तबोनुको. साल खरवडली की त्यातून पांढरा सुगंधी डिंक येतो आणि तो मशालीसाठी व धुपासाठी वापरला जाई. आपले सालई, गुग्गुळ आणि सह्याद्रीतला काळा धूप हे याच कुळातले. तबोनुकोची झाडे डोंगराच्या धारेवर गटाने उभी असतात आणि त्यांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळून एकजीव होतात, त्यामुळे वाऱ्यापुढे एकेकटे झाड सहसा उखडत नाही. दुसरे मानाचे झाड आउसुबो, आपल्या चिकूचे आणि खिरणीचे सख्खे भावंड. त्याचे लाकूड इतके घट्ट की पाण्यात बुडते. जुन्या सान हुआनमधल्या घरांच्या तुळया आउसुबोच्या आहेत. उंच ओल्या उतारांवर सिएरा पाम हा ताडाच्या कुळातला वृक्ष दाटीने वाढतो. आणि जिथे छत फाटून ऊन जमिनीवर पडते तिथे याग्रूमो हे मोठ्या पंजासारख्या पानांचे, झपाट्याने वाढणारे झाड हमखास उगवते. त्याचे बी मातीत उजेडाची वाट पाहत पडून असते.

ओडम यांचे पर्व

१९६३ मध्ये परिसरशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम पोर्तो रिकोच्या अणुकेंद्रात दाखल झाले. निधी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा होता. काळ शीतयुद्धाचा. किरणोत्सर्गाने उष्णकटिबंधीय वनाचे काय होते, हे आयोगाला जाणून घ्यायचे होते. ओडम यांची जिज्ञासा त्याहून मोठी होती. संपूर्ण वन ही एक यंत्रणा धरून तिच्यात ऊर्जा किती येते, पाणी कसे फिरते, पोषकद्रव्ये कुठून कुठे जातात याचा एकत्रित ताळेबंद त्यांना मांडायचा होता. एका झाडाचा, एका पक्ष्याचा अभ्यास करणारे पुष्कळ होते. अख्ख्या वनाचा श्वास मोजू पाहणारे तेव्हा फारच थोडे होते. त्यासाठी त्यांनी रानाचा एक तुकडा प्लॅस्टिकच्या प्रचंड नळकांड्याने वेढला आणि त्यातून जाणारी हवा तपासून वनाच्या श्वसनाचा हिशेब केला.

किरणोत्सर्गाचा प्रयोग १९६५ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात झाला. १०,००० क्युरीचा सीझियमचा गॅमा-स्रोत सुमारे तीन महिने एल व्हर्देच्या रानात उघडा ठेवला गेला. तुलनेसाठी दुसऱ्या एका ठिकाणची झाडे तोडली आणि तिसरा तुकडा जसाच्या तसा राखला. १९७० मध्ये ओडम आणि रॉबर्ट पिजन यांनी संपादित केलेला या प्रकल्पाचा दीड हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. एका लहानशा जागेचे इतके बारकाईने केलेले वर्णन त्याआधी कोणत्याही वर्षावनाच्या वाट्याला आले नव्हते.

जिवंत रानात किरणोत्सर्गी स्रोत उघडण्याला आज कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. त्या प्रयोगाची किंमत त्या तुकड्यातल्या झाडांनी आणि जीवांनी मोजली. पण झालेल्या हानीकडे पाठ न फिरवता तिचा पुढचा मागोवा घेत राहण्याचे कर्तव्य केंद्राने निभावले, हेही नोंदवले पाहिजे. त्या तुकड्यात काय उगवते आहे आणि किती संथपणे, याचा २३ वर्षांचा वृत्तान्त पुढे प्रसिद्ध झाला. मोडलेल्या वनाकडे दशकानुदशके लक्ष ठेवण्याची शिस्त एल व्हर्देला इथून मिळाली. ओडम यांच्या हाताखाली तयार झालेले पोर्तो रिकन शास्त्रज्ञ एरियल लुगो यांनी पुढे वनखात्याच्या उष्णकटिबंधीय संस्थेचे नेतृत्व दीर्घकाळ केले आणि बदल व मोडतोड हाच या वनांचा स्वभाव आहे, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला.

अणूकडून परिसराकडे

१९७० च्या दशकात अणुकेंद्राचे रूप पालटले आणि १९७६ मध्ये त्याच्या जागी ऊर्जा व पर्यावरण संशोधनाचे केंद्र आले. एल व्हर्देचा कारभार पुढे विद्यापीठाकडे स्थिरावला. या काळात गाजावाजा होईल असे काही घडले नाही. रोजचा पाऊस, रोजचे किमान-कमाल तापमान, ओढ्यांतले पाणी, झाडांवरचे सरडे, झुडपांतल्या गोगलगायी, रात्रीचे बेडूक यांची कामे मात्र चालू राहिली. १९८५ पासून इथे पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचे नमुने दर आठवड्याला रासायनिक तपासणीसाठी जाऊ लागले. उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडून आलेल्या सहाराच्या धुळीच्या खुणा या पाण्यात सापडतात. आफ्रिकेच्या वाळवंटातून आलेली खनिजे कॅरिबियनच्या रानाला मिळतात, ही गोष्ट अशा पाण्याच्या बाटल्यांनी दाखवून दिली.

रानात कोण कोणाला खातो याचा जो तपशील इथे वर्षानुवर्षे जमत गेला, त्यातून डग्लस रेगन आणि रॉबर्ट वेड यांनी संपादित केलेला वर्षावनातील अन्नजाळ्यावरचा ग्रंथ १९९६ मध्ये सिद्ध झाला. मोठे शिकारी प्राणी नसलेल्या या बेटावर सरडे, कोळी आणि बेडूक केवढा भार वाहतात, हे त्यातून कळते.

१९८८ साली केंद्राच्या आयुष्यात मोठे वळण आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८० मध्ये दीर्घकालीन परिसर-अभ्यासाची योजना सुरू केली होती. तिच्यात लुकियोचा समावेश झाला. विद्यापीठ आणि वनखाते यांनी मिळून मांडलेला विषय होता : दरडी, उन्मळलेली झाडे आणि वादळे यांनी वन कसे घडते.

ह्यूगो

योजना मंजूर होऊन फार काळ लोटला नव्हता तोच, १८ सप्टेंबर १९८९ रोजी, ह्यूगो वादळाचा डोळा बेटाच्या ईशान्य टोकावरून गेला. एवढे मोठे वादळ या डोंगरावर १९३२ नंतर आले नव्हते. वर्षभरात जेवढा पाला गळतो त्याहून अधिक पाला एका दिवसात जमिनीवर आला. हिरवे डोंगर तपकिरी झाले. सदैव अंधाऱ्या रानाच्या तळाशी भर दुपारचे ऊन पोहोचले. केंद्राकडे येणाऱ्या वाटा पडलेल्या खोडांखाली गडप झाल्या.

अशा वेळी कोणतीही संस्था आधी छप्पर पाहते, आणि तसे पाहणे योग्यच. पण इथल्या संशोधकांच्या हाती एक दुर्मीळ गोष्ट होती : वादळापूर्वीचे आकडे. पर्वताच्या पूर्वेकडच्या बिस्ली खोऱ्यात फ्रेडरिक स्कटेना यांनी नुकतीच झाडांची आणि पाण्याची मोजणी बसवली होती. एल व्हर्देपाशी झाडे, बेडूक, गोगलगायी, ओढ्यातली कोळंबी यांच्या नोंदी होत्या. म्हणून वादळ ओसरताच माणसे कुऱ्हाडी, करवती आणि वह्या घेऊन रानात शिरली.

त्यांना जे आढळले त्याने रूढ समजुती हलल्या. लॉरेन्स वॉकर यांच्या पाहणीत एल व्हर्देजवळची निम्म्याहून अधिक झाडे पर्णहीन झाली होती, तरी मेलेली झाडे सुमारे ७ टक्केच होती. बाकीची खोडावरून आणि फांद्यांवरून फुटू लागली. उघड्या जागी याग्रूमोची रोपे लाखोंनी उगवली. ओढ्यांच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढले आणि दोनेक वर्षांत पूर्वपातळीवर आले. पाच वर्षांत पानगळीचे प्रमाण पहिल्यासारखे झाले. ओढ्यातल्या कोळंबीला कुजत्या पाल्याची मेजवानी मिळाली आणि तिची संख्या वाढली.

सर्वांत बोलकी गोष्ट कोकी बेडकाची. नखाएवढ्या पिलापासून दोन बोटांच्या प्रौढापर्यंत हा बेडूक जमिनीवरच वाढतो. त्याला डबक्याची आणि शेपटीच्या पिलावस्थेची गरज नसते. अंडी पानांच्या वळचणीत घातली जातात आणि नर ती राखतो. ह्यूगोनंतरच्या कोरड्या, तापलेल्या आठवड्यांत पिलांची संख्या खालावली. पण जमिनीवर साचलेल्या ढिगाऱ्याने लपायला आणि अंडी घालायला अगणित जागा दिल्या. वर्षभरात प्रौढ कोकींची संख्या वादळापूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढली. ज्या पसाऱ्याला आपण नासधूस म्हणतो तो दुसऱ्या कोणाचे घर होतो, हे लॉरेन्स वूलब्राइट यांच्या मोजणीने दाखवले.

सगळ्यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. पोर्तो रिकोचा हिरवा पोपट १९७५ मध्ये अवघ्या १३ पक्ष्यांवर आला होता. वनरक्षकांच्या कष्टाने रानातली संख्या ४७ वर गेली आणि ह्यूगोने ती निम्म्यावर आणली. ज्याची संख्या आधीच कमी झालेली आहे त्याला वादळ सोसत नाही. सावरण्यासाठी आधी काहीतरी शिल्लक असावे लागते.

१९९१ मध्ये ‘बायोट्रॉपिका’ या नियतकालिकाने कॅरिबियनमधल्या वादळांवर विशेषांक काढला. त्यात लुकियोच्या संशोधकांचे निबंध मोठ्या संख्येने होते. वादळ हा विषय घेऊन निघालेले केंद्र त्या विषयावर जगाचे शिक्षक झाले.

सोळा हेक्टरांची खानेसुमारी

ह्यूगोनंतर, १९९० मध्ये, केंद्राजवळ १६ हेक्टरांचा एक मोठा तुकडा आखण्यात आला. लांबी ५०० मीटर, रुंदी ३२० मीटर. त्यात एक सेंटिमीटरहून जाड असलेले प्रत्येक खोड मोजायचे, ओळखायचे, नकाशावर मांडायचे आणि त्याला क्रमांकाची पट्टी लावायची असे ठरले. पहिली मोजणी पडलेल्या खोडांवरून चढत-उतरत करावी लागली आणि ती पुरी व्हायला काही वर्षे गेली. त्यानंतर साधारण दर पाच वर्षांनी ही मोजणी होत आली आहे.

जिल थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजणीतून जे दाखवले ते विलक्षण आहे. १९३६ च्या हवाई छायाचित्रांत तुकड्याच्या उत्तर भागातले रान विरळ दिसते, कारण तिथे शेती आणि लाकूडतोड झाली होती. दक्षिणेकडे रान दाट होते. साठ वर्षांनंतर, मध्ये एवढे मोठे वादळ येऊन गेल्यावरही, दोन भागांतल्या झाडांच्या जाती वेगळ्याच राहिल्या. दक्षिणेला तबोनुको, उत्तरेला जुन्या मळ्यांवर चढणारी झाडे. कुणा अनाम शेतकऱ्याने मागे कोणती जागा साफ केली होती, हे आज रान सांगते. वाऱ्याच्या खुणांपेक्षा कुऱ्हाडीच्या खुणा जास्त टिकल्या. वर्षावन वाचवायचे असेल तर आधी माणसाच्या हातून होणारी तोड थांबवावी लागते, हा या मोजणीतून निघणारा धडा जगातल्या सर्व डोंगराळ प्रदेशांनी ऐकावा असा आहे.

हा तुकडा स्मिथसोनियन संस्थेच्या जागतिक वनमोजणी जाळ्याचा भाग आहे. त्याच जाळ्यात आपल्या निलगिरीच्या पायथ्याचा मुदुमलै येथील ५० हेक्टरांचा तुकडा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रामन सुकुमार यांच्या पुढाकाराने तो १९८८ मध्ये सुरू झाला. मुदुमलैचे शुष्क पानझडी रान हत्ती आणि वणवे सोसते, एल व्हर्देचे ओले रान वादळे सोसते. मोजण्याची मूळ पद्धत एकच असल्याने दोन्हींची तुलना होऊ शकते.

माणसाने घडवलेले वादळ

वादळात दोन गोष्टी एकदम घडतात. छत उघडते आणि पाल्याफांद्यांचा ढीग जमिनीवर येतो. पुढे होणाऱ्या बदलांतले कोणते उजेडामुळे आणि कोणते ढिगाऱ्यामुळे, हे नैसर्गिक वादळातून कळत नाही. ते वेगळे करण्यासाठी एल व्हर्देजवळ छत-छाटणीचा प्रयोग २००२ मध्ये सुरू झाला. जेस झिमरमन, ग्रिझेल गोन्झालेझ, आरन शील्स आदींनी तो चालवला. काही तुकड्यांत माणसांनी झाडांवर चढून फांद्या छाटल्या आणि तिथेच पसरल्या. काहींत फांद्या छाटून उचलून नेल्या. काहींत छत तसेच ठेवून वरून पाला आणून टाकला. काही तुकड्यांना हातही लावला नाही. नंतर वर्षानुवर्षे रोपे, गोगलगायी, बुरशी, माती आणि बेडूक यांची मोजणी झाली.

बहुतेक बदलांमागे छत उघडल्याने आलेला उजेड, उष्णता आणि कोरडेपणा असतो, असे दिसून आले. २०१४ मध्ये दुसरी छाटणी झाली. ह्यूगोसारखे वादळ या रानावर साधारण ५० ते ६० वर्षांनी येते असा जुना अंदाज आहे. ती वादळे दर दहा वर्षांनी येऊ लागली तर काय होईल, हे पाहण्याचा हेतू होता. उत्तरासाठी फार थांबावे लागले नाही.

मारिया

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा वादळ बेटाच्या उत्तरेकडून गेले. दोन आठवड्यांनी, २० सप्टेंबरच्या सकाळी, मारिया याबुकोआपाशी किनाऱ्यावर आले. ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाचे वारे आणि सोबत तुफानी पाऊस घेऊन ते बेट आडवे कापत गेले. साऱ्या बेटाची वीज गेली. शेवटच्या घरांपर्यंत ती परत यायला जवळजवळ ११ महिने लागले. डोंगरांत ४० हजारांहून अधिक दरडी कोसळल्या. सरकारने मृतांचा आकडा आधी ६४ सांगितला होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासावरून तो २,९७५ असा मान्य झाला. केंद्राची कहाणी सांगताना हे विसरता येत नाही. एल व्हर्देत काम करणारी माणसे याच बेटावर राहणारी. त्यांच्या घरी वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते, फोन लागत नव्हते, पेट्रोलसाठी रांगा होत्या. विद्यापीठाचे वर्ग कित्येक आठवडे बंद होते. आपापल्या घरांची डागडुजी चालू असतानाच ही माणसे रानाच्या वाटा मोकळ्या करायला आली.

पहिले काम करवतीचे. खोडे कापून पाऊलवाटा पुन्हा शोधायच्या. दुसरे काम क्रमांकांचे. कोणते झाड उभे, कोणते मोडले, कोणते उन्मळले. सुदैवाने १६ हेक्टरांची सहावी मोजणी २०१६ मध्येच झाली होती, त्यामुळे वादळाच्या एकच वर्ष आधीचे चित्र जवळ होते. रानात फुले, फळे आणि बिया झेलण्यासाठी १९९२ पासून १२० टोपल्या बसवलेल्या आहेत आणि त्या दर दोन आठवड्यांनी रिकाम्या करून तपासल्या जातात. ते कामही पुन्हा उभे करायचे होते.

कोलंबिया विद्यापीठाच्या मारिया उरिआर्ते आणि सहकाऱ्यांनी ह्यूगो, जॉर्जेस आणि मारिया यांची तुलना २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडली. मारियाने ह्यूगोच्या दुप्पट झाडे मारली होती आणि दोनच जाती वगळता बाकी सर्वांची खोडे मोडण्याचे प्रमाण आधीच्या वादळांच्या २ ते १२ पट होते. पूर्वीच्या वादळांत तग धरणारी घट्ट लाकडाची, संथ वाढणारी झाडेही या वेळी मोडली. सिएरा पाम मात्र झावळ्या गमावून पुन्हा उभा राहिला. मारियासारखी वादळे वारंवार आली तर या डोंगरांवर तबोनुको-आउसुबोंच्या जागी अधिक बुटके, अधिक तरुण, पामबहुल रान येईल आणि त्यात कार्बन कमी साठेल, असा या अभ्यासाचा इशारा आहे. एल युंकेच्या रानात मुक्त असलेल्या पन्नासहून अधिक पोपटांपैकी वादळानंतर दोनच शिल्लक राहिले. बंदिस्त प्रजननकेंद्रातले पक्षी वाचले, म्हणून २०२० मध्ये पुन्हा पोपट रानात सोडता आले.

ह्यूगोने शिकवले होते की वन लवकर सावरते. मारियाने त्या धड्याला मर्यादा घातली. मोडलेले वन हिरवे होते, पण ते पूर्वीचेच वन असेल असे नाही. दोन्ही गोष्टी कळल्या त्या एकाच जागेच्या तीस वर्षांच्या नोंदींमुळे.

नोंदींची कसोटी

२०१८ मध्ये एल व्हर्दे जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. ब्रॅडफर्ड लिस्टर आणि आंद्रेस गार्सिया यांनी १९७० च्या दशकात जिथे कीटक पकडले होते, तिथेच २०११ ते २०१३ या काळात पुन्हा पकडले आणि कीटकांचे वजन अनेक पटींनी घटल्याचे मांडले. कारण म्हणून तापमानवाढीकडे बोट दाखवले. लुकियोच्या इतर संशोधकांनी याला अभ्यासपूर्वक उत्तर दिले. मधल्या काळात केंद्राचे तापमान मोजण्याचे उपकरण बदलले होते आणि त्यामुळे वाढ फुगलेली दिसते, असे त्यांनी दाखवले. टिमथी शोवॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अनेक दशकांच्या नोंदी एकत्र करून मांडले की इथल्या कीटकांची संख्या वादळे, दुष्काळ आणि त्यानंतरचे सावरणे यांच्या लयीत वरखाली होते आणि सरसकट घसरण दिसत नाही.

या वादातून केंद्राचे काम किती जोखमीचे आहे ते उमगते. दोन टोकांच्या मोजणीवरून रेघ ओढली तर मधले ह्यूगो आणि जॉर्जेस दिसत नाहीत. तापमापक कधी बदलला हे वहीत लिहिलेले नसेल तर हवा बदलली की यंत्र बदलले, हे सांगता येत नाही. नोंद अखंड असावी आणि नोंदीसोबत तिची हकीकतही असावी. सगळी आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवल्यामुळेच हा वाद पुराव्यांवर लढला गेला.

घरातली माणसे

शोधनिबंधांवर ज्यांची नावे येतात त्यांचा उल्लेख वर झाला. पण केंद्र चालते ते तिथल्या तंत्रसाहाय्यकांवर. पानाचा तुकडा हातात घेऊन जात सांगणारे, पावसात दर आठवड्याला बाटली बदलणारे, दर पंधरवड्याला टोपल्या उपसणारे, नव्या विद्यार्थ्याला ओल्या दगडावरून चालायला शिकवणारे हे लोक आहेत. मोजणीच्या हंगामात देशोदेशीचे तरुण मदतनीस येऊन राहतात. दिवसभर चिखलात झाडांचे घेर मोजायचे, संध्याकाळी ओले कपडे वाळत घालायचे, जेवणानंतर आकडे तपासायचे आणि कोकींच्या गजरात झोपायचे, असा त्यांचा दिनक्रम. यांतले काही पुढे वनशास्त्रज्ञ झाले आणि स्वतःचे विद्यार्थी घेऊन परत आले. वर्षावनाचे शिक्षण पुस्तकातून निम्मेच होते. उरलेले निम्मे अशा मुक्कामात होते, आणि ते देणारी घरे जगात थोडी आहेत.

पुढची वाट

मारियानंतर वाटा मोकळ्या झाल्या, मोजण्या पुन्हा सुरू झाल्या. २०२२ मध्ये एल युंकेचे मोठे अभ्यागत केंद्र दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडले. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला, ह्यूगोच्याच तारखेला, फिओना वादळाने बेटाची वीज पुन्हा घालवली. अटलांटिकचे पाणी तापत आहे आणि वादळांचे बळ वाढत आहे. सावरण्यासाठी वनाला मिळणारी सवड कमी होत जाणार, हे धरून चालावे लागेल.

अशा वेळी एक विसंगती स्पष्ट बोलली पाहिजे. दीर्घकालीन अभ्यासाचा निधी सहा-सहा वर्षांच्या मुदतीने मिळतो, तर ज्या वादळांचा अभ्यास करायचा त्यांची आवर्तने अर्धशतकाची आहेत. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी नवे प्रश्न, नवे प्रयोग मागितले जातात आणि ते योग्यही आहे. पण पर्जन्यमापक वाचणारा हात, टोपल्या उपसणारी जोडी आणि दर पाच वर्षांची खानेसुमारी यांना नावीन्याच्या कसोटीवर तोलू नये. त्यात खंड पडला की तो पुन्हा भरून काढता येत नाही. छप्पर उडाले तर नवे घालता येते. न मोजलेले वर्ष कोणत्याही निधीने परत आणता येत नाही.

विद्यापीठ, वनखाते आणि विज्ञान प्रतिष्ठान या तिघांनी मिळून हे केंद्र इथवर आणले आहे. पुढचे मोठे वादळ येईल तेव्हा मागच्या वर्षीची मोजणी वहीत असली पाहिजे, ती करणाऱ्या माणसांचा पगार चालू असला पाहिजे आणि वाटा उघडायला निघणाऱ्यांना रात्री उतरायला कोरडी खोली मिळाली पाहिजे. एवढी व्यवस्था राखणे हे या संस्थेचे सर्वांत मोठे कार्य आहे. ते अखंड चालावे.